नाताळची संहिता : ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ची घडण आणि तिचे पुनर्दर्शन

सणाशी जोडल्या गेलेल्या कृतींचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. काही कृती सणासाठीच रचल्या जातात. काहींना सण मागाहून आपलेसे करतो. चार्ल्स डिकन्सची १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेली ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही दीर्घकथा पहिल्या प्रकारातली. तिचे शीर्षक, तिचा प्रकाशनकाल आणि तिचा बोध या तिन्हींचा रोख नाताळाकडेच आहे. फ्रँक कॅप्रा यांनी दिग्दर्शित केलेला ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) हा अमेरिकन चित्रपट मात्र दुसऱ्या प्रकारात मोडतो. आज नाताळाच्या चित्रपटांचा विषय निघाला की त्याचे नाव आरंभीच घेतले जाते; परंतु ही प्रतिष्ठा त्याला प्रदर्शनानंतर जवळजवळ तीस वर्षांनी लाभली. या विलंबाची कारणमीमांसा दोन प्रकारे केली जाते. एका मतानुसार हा चित्रपट अभिजात ठरला तो केवळ स्वामित्वहक्काच्या एका योगायोगामुळे. दुसऱ्या मतानुसार त्यातील मानवतावादी आशयाला आज ना उद्या मान्यता मिळणारच होती. पहिले मत कृतीला गौण लेखते, तर दुसरे इतिहासाला. वरचेवर पाहिले जाण्याची क्षमता या चित्रपटाच्या कथनरचनेतच होती आणि योगायोगाने तिला वाव मिळवून दिला, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. भेटकार्डापासून पटकथेपर्यंत

या चित्रपटाचे मूळ एका छोट्या कथेत आहे. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न हे अमेरिकन यादवी युद्धाच्या कालखंडाचे अभ्यासक आणि लेखक. ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’ या कथेची कल्पना त्यांना १९३८ मध्ये सुचली. पुढे लिहून पूर्ण झालेल्या कथेला प्रकाशक मिळेना, तेव्हा स्टर्न यांनी १९४३ च्या नाताळात तिच्या दोनशे प्रती स्वखर्चाने छापून घेतल्या आणि शुभेच्छापत्र म्हणून स्नेह्यांना पाठविल्या. म्हणजे ही कथा वाचकांपर्यंत प्रथम पोचली ती अक्षरशः एक भेट म्हणून. १९४४ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली आणि जानेवारी १९४५ च्या ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकात ‘द मॅन हू वॉज नेव्हर बॉर्न’ या वेगळ्या शीर्षकाने छापली गेली. दरम्यान, आरकेओ या चित्रसंस्थेने १९४४ मध्येच दहा हजार डॉलर देऊन तिचे चित्रपटहक्क विकत घेतले होते. नायकाच्या भूमिकेसाठी तेव्हा कॅरी ग्रँट यांचा विचार चालू होता. डाल्टन ट्रंबो, मार्क कॉनेली आणि क्लिफर्ड ओडेट्स या तीन नामवंत लेखकांनी पटकथेचे खर्डे तयार केले. परंतु कथेची घडी कोणालाच बसविता आली नाही.

युद्ध संपताच कॅप्रा यांनी हे हक्क आरकेओकडून मिळविले. १९४५ मध्ये त्यांनी सॅम्युएल ब्रिस्किन यांच्यासह ‘लिबर्टी फिल्म्स’ ही स्वतंत्र निर्मितीसंस्था स्थापन केली होती आणि विल्यम वायलर व जॉर्ज स्टीव्हन्स हे दिग्दर्शक तिच्यात सहभागी झाले होते. या संस्थेचा हा पहिला चित्रपट. फ्रान्सिस गुडरिच, अल्बर्ट हॅकेट आणि कॅप्रा यांची नावे पटकथाकार म्हणून, तर जो स्वर्लिंग यांचे नाव पूरक प्रसंगांचे लेखक म्हणून श्रेयनामावलीत आले. युद्धकाळात कॅप्रा ‘व्हाय वी फाइट’ ही अमेरिकी सैन्यासाठीची माहितीपटमालिका करीत होते, तर नायकाची भूमिका करणारे जेम्स स्ट्यूअर्ट बाँबफेकी विमानाचे वैमानिक म्हणून जर्मनीवरील मोहिमांत उतरले होते. युद्धानंतरचा दोघांचाही हा पहिलाच कथाचित्र.

मूळ कथा आणि चित्रपट यांतील अंतर तुलनाकाराच्या दृष्टीने फार बोलके आहे. कथेतील जॉर्ज प्रॅट हा बँकेतला एक कारकून. एकसुरी नोकरी आणि आडगावातले आयुष्य यांना तो विटलेला आहे. त्याच्या हातून पैसे हरवलेले नाहीत, त्याच्यावर कोणताही आळ नाही. कथेत खलपुरुषही नाही. पुलावर भेटलेला अनोळखी माणूस त्याची ‘जन्मच नसता तर बरे झाले असते’ ही इच्छा पुरी करतो आणि ब्रश विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याची पिशवी त्याच्या हाती देतो. ती घेऊन जॉर्ज स्वतःच्याच गावात परका म्हणून हिंडतो आणि दुसऱ्याची पत्नी झालेल्या मेरीला एक ब्रश भेट देतो. आपल्या जगात परतल्यावर तोच ब्रश त्याला घरात सापडतो. संस्कृत नाट्यपरंपरेच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा ब्रश म्हणजे ‘अभिज्ञान’ होय. कालिदासाच्या नाटकातील अंगठीप्रमाणेच तो विसरता येईल अशा अनुभवाची साक्ष देतो.

चित्रपटात या एका खुणेच्या दोन खुणा झाल्या आहेत. जॉर्ज बेलीच्या धाकट्या मुलीच्या फुलाच्या पाकळ्या त्याच्या खिशात असतात. तो जन्मलाच नाही अशा जगात त्या नाहीशा होतात आणि पुन्हा हाताला लागतात तेव्हा आपण परतल्याचे त्याला कळते. दुसरी खूण मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’ची प्रत. देवदूत क्लॅरेन्स ती मागे ठेवून जातो आणि घडलेला प्रसंग भ्रम नव्हता याची ग्वाही देतो. पाकळ्या ‘असण्या’ची साक्ष देतात, तर पुस्तक ‘नसण्या’च्या अनुभवाची. रूपांतरात मूळ प्रतिमेची अशी फोड होते तेव्हा तिचा अर्थ वाढलेला असतो.

यापेक्षाही महत्त्वाची भर आहे ती अर्थकारणाची. कथेतील अस्पष्ट कंटाळ्याला पटकथेने ठोस सामाजिक कारण दिले. बेली कुटुंबाची घरबांधणीसाठी कर्ज देणारी छोटी पतसंस्था आणि गावातल्या बँकेपासून भाड्याच्या खोल्यांपर्यंत सर्व काही गिळू पाहणारा धनिक हेन्री पॉटर, असा संघर्ष उभा राहिला. ठेवीदार बिथरून पैसे मागायला येतात त्या प्रसंगी जॉर्ज त्यांना समजावतो की, त्यांचे पैसे तिजोरीत नसून शेजाऱ्यांच्या घरांत गुंतले आहेत. आणि मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर वाटून संस्था तगवून धरतो. १९३० च्या दशकातील मंदीत बँका बुडताना पाहिलेल्या प्रेक्षकाला या प्रसंगाचा अर्थ सांगावा लागत नव्हता. नव्या घरात प्रवेश करणारे कुटुंब इटालियन स्थलांतरितांचे आहे. स्वतः कॅप्रा हे सिसिलीहून बालपणी अमेरिकेत आलेले, ही गोष्ट येथे ध्यानी घेण्याजोगी आहे.

२. डिकन्सच्या वारशाची उलटापालट

डिकन्सच्या कथेशी या चित्रपटाचे नाते उघड आहे. अलौकिक शक्तीच्या साहाय्याने एका माणसाला त्याचे आयुष्य बाहेरून दाखविणे आणि एका रात्रीत त्याचे मन पालटणे, हा सांगाडा दोहोंकडे एकच. परंतु पात्रांची मांडणी उलटी आहे. डिकन्सचा स्क्रूज कृपण आहे, त्याने बदलावे म्हणून त्याला दृश्ये दाखविली जातात आणि तो बदलतो. कॅप्रांच्या चित्रपटात दृश्ये दाखविली जातात ती सज्जनाला. जॉर्जने आपले वर्तन बदलण्याची गरज नाही. त्या वर्तनाचे मोल त्याला उमगावयाचे आहे. स्क्रूजचा खरा वारस असलेला पॉटर मात्र अखेरपर्यंत तसाच राहतो. ही भूमिका करणारे लायोनेल बॅरिमोर १९३० च्या दशकापासून नाताळात नभोवाणीवर स्क्रूजची भूमिका करीत असत. त्यामुळे समकालीन श्रोत्याच्या कानी पॉटरच्या आवाजामागे स्क्रूजचाही आवाज ऐकू येत असला पाहिजे. मात्र त्या आवाजाशी निगडित असलेले हृदयपरिवर्तन येथे घडत नाही.

जॉर्जच्या काकाच्या हातून नजरचुकीने सुटलेले आठ हजार डॉलर पॉटरला सापडतात आणि तो ते दडवून ठेवतो. ही चोरी चित्रपटात अखेरपर्यंत उघडकीस येत नाही. गुन्हेगाराला शासन झाल्याचे दाखविले पाहिजे, असा दंडक हॉलिवुडच्या तत्कालीन निर्मितीसंहितेने घातलेला असताना हे घडले. गावकरी पैसे गोळा करून आणतात आणि जॉर्ज वाचतो. परंतु अन्यायाचे परिमार्जन झालेले नसते. चित्रपटाचा शेवट गोड असल्याचा समज रूढ आहे. नीट पाहता येथे मिळते ते संरक्षण. न्याय मिळत नाही. जॉर्जला जग पाहावयाचे होते, पूल आणि इमारती बांधावयाच्या होत्या. त्यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला आलेले नाही आणि यापुढे येईल अशी चिन्हेही नाहीत.

३. प्रथम अभिग्रहण

हा चित्रपट १९४६ च्या एप्रिल ते जुलै या उन्हाळ्याच्या दिवसांत चित्रित झाला. पडद्यावर दिसणारे हिम आग विझविण्याच्या फेसापासून व साबणाच्या पाण्यापासून बनविलेले होते आणि त्या तंत्राला अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही लाभला. प्रदर्शन मुळात पुढल्या वर्षीच्या जानेवारीत व्हावयाचे होते. आरकेओचा ‘सिंदबाद द सेलर’ हा रंगीत चित्रपट वेळेत तयार न झाल्याने ते अलीकडे ओढले गेले आणि २० डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला. सार्वत्रिक प्रदर्शन जानेवारी १९४७ मध्येच झाले. ही कथा आपल्या हाती आली तेव्हा ती नाताळची कथा आहे असा विचारही आपण केला नव्हता, असे कॅप्रांनी पुढे १९८४ मध्ये सांगितले. प्रदर्शनाचा हा इतिहास पाहता त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता यांसह पाच नामांकने मिळाली, परंतु त्यांपैकी एकही पुरस्कार हाती लागला नाही. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान वायलर यांच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ला गेला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांची ती कथा वर्तमानाशी थेट भिडणारी होती. कॅप्रांचा चित्रपट निर्मितीखर्चही भरून काढू शकला नाही आणि लिबर्टी फिल्म्स ही संस्था १९४७ मध्ये पॅरामाउंटला विकावी लागली. त्याच वर्षी अमेरिकी अन्वेषण विभागाच्या एका अहवालात या चित्रपटाची नोंद झाली. बँकमालकाला स्क्रूजसारखा रंगवून त्या वर्गाला बदनाम करणे ही साम्यवाद्यांची नेहमीची क्लृप्ती आहे, असा त्या नोंदीचा आशय होता. पुढे भाबडेपणाचा शिक्का बसलेल्या या कृतीत त्या काळच्या सत्तायंत्रणेला राजकीय धग जाणवली होती, हे अभिग्रहणाच्या इतिहासात विसरून चालणार नाही.

४. हक्कांचा लोप आणि घरोघरचा पडदा

अमेरिकेतील तत्कालीन कायद्यानुसार स्वामित्वहक्काची पहिली मुदत २८ वर्षांची असे आणि ती संपताना नूतनीकरण करावे लागे. १९७४ मध्ये या चित्रपटाचे हक्क ज्या कंपनीकडे होते, तिच्याकडून ते नूतनीकरण राहून गेले. परिणामी देशभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांना मोबदला न देता तो दाखविता येऊ लागला. डिसेंबरात प्रक्षेपणाचा वेळ भरून काढण्यासाठी फुकट मिळणारा आणि अखेरीस नाताळचे झाड दाखविणारा चित्रपट त्यांना हवाच होता. एकाच दिवशी वेगवेगळ्या वाहिन्यांवर तो वरचेवर दिसू लागला. चित्रपटगृहात एकदा पाहून विसरली गेलेली कृती घरातल्या बैठकीत, सणाच्या स्वयंपाकाच्या आणि पाहुण्यांच्या वर्दळीत, वर्षानुवर्षे भेटू लागली. १९९० मध्ये तिची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटनोंदवहीत झाली.

या मुक्त संचाराला आळा बसला तोही साहित्याच्याच मार्गाने. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्ट्यूअर्ट विरुद्ध अबेंड’ या खटल्यात मूळ कथेच्या हक्कधारकाचा रूपांतरित चित्रपटावरील अधिकार मान्य केला. हा वाद हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’संबंधी होता आणि योगायोग असा की, त्याचेही नायक जेम्स स्ट्यूअर्टच होते. या निर्णयाचा आधार घेऊन १९९३ मध्ये रिपब्लिक पिक्चर्स या कंपनीने स्टर्न यांच्या कथेवरील व चित्रपटातील संगीतावरील हक्कांच्या बळावर प्रक्षेपणाचे नियंत्रण पुन्हा मिळविले. १९९४ पासून एनबीसी या वाहिनीवर त्याची वर्षाकाठी मोजकीच प्रक्षेपणे होऊ लागली. चित्रफितीवरचा हक्क लोपला होता. दोनशे प्रतींच्या शुभेच्छापत्रातल्या कथेवरचा हक्क मात्र शाबूत होता. रूपांतर मूळ संहितेपासून कधीच पूर्णपणे सुटत नाही, हे साहित्यविचारातले सूत्र येथे कायद्याच्या भाषेत सिद्ध झाले.

तरीही योगायोगाच्या मताची मर्यादा याच टप्प्यावर उघड होते. नूतनीकरणाअभावी सार्वजनिक झालेले अमेरिकन चित्रपट कितीतरी आहेत. ते सारे सणाचे सोबती झाले नाहीत. शिवाय प्रक्षेपणे मोजकी झाल्यावरही या चित्रपटाचे स्थान ढळले नाही. तेव्हा कारणाचा उरलेला भाग कृतीतच शोधावा लागतो.

५. पुनर्दर्शनाची रचना

चित्रपटाचा आरंभ होतो तो अनेकांच्या प्रार्थनांनी. त्या ऐकून स्वर्गात, म्हणजे लुकलुकणाऱ्या ताऱ्यांत, संभाषण होते आणि पंख न मिळालेल्या क्लॅरेन्सवर जॉर्जला वाचविण्याची कामगिरी सोपविली जाते. तत्पूर्वी त्याला जॉर्जचे आयुष्य दाखविले जाते. प्रथम चित्र धूसर असते, मग स्पष्ट होते. एके ठिकाणी प्रवासी पेटी विकत घेण्यास गेलेला तरुण जॉर्ज हात फैलावून उभा असताना चित्र थांबविलेही जाते, कारण क्लॅरेन्सने तो चेहरा नीट पाहून ठेवावयाचा असतो. म्हणजे चित्रपटाचा बहुतांश भाग हा एका प्रेक्षकाला दाखविलेला चित्रपट आहे. हे निवेदनतंत्र केवळ सोय म्हणून आलेले नाही. जॉर्ज आत्महत्येच्या उंबरठ्यावर उभा असल्याचे आरंभीच ठाऊक असल्यामुळे त्याच्या बालपणाचे व तारुण्याचे प्रत्येक दृश्य पाहणाऱ्याच्या लेखी ‘मागे वळून पाहिलेले’ दृश्य ठरते.

त्यानंतर येतो तो जॉर्ज जन्मलाच नसल्याच्या जगाचा भाग. बेडफर्ड फॉल्सचे ‘पॉटर्सव्हिल’ झालेले असते. येथे आधी पाहिलेले प्रसंग पुन्हा येतात, मात्र जॉर्जला वगळून. बर्फातून वाचविलेला भाऊ बुडालेला असतो आणि म्हणून त्याने युद्धात वाचविलेले सैनिकही मेलेले असतात. पुत्रशोकात चुकून औषधाऐवजी विष भरणाऱ्या वृद्ध औषधविक्रेत्याला अडविणारे कोणी नसल्याने तो तुरुंग भोगून भणंग झालेला असतो. प्रथम पाहताना सुटे वाटलेले प्रसंग येथे कार्यकारणाच्या साखळीत गुंफले जातात. पाहिलेल्याच आयुष्याचे दुसरे दर्शन हाच चित्रपटाचा कळसबिंदू आहे.

असा चित्रपट दुसऱ्यांदा पाहणारा प्रेक्षक आपोआप क्लॅरेन्सच्या जागी येतो. शिक्षणासाठी साठविलेले पैसे जॉर्ज भावाला देतो, तेव्हा प्रथम पाहणाऱ्याला त्यात एका स्वप्नाचा अंत दिसतो. पुन्हा पाहणाऱ्याला त्याच दृश्यात त्या भावाचे पुढचे आयुष्यही दिसते. शेवट ठाऊक असल्याने उत्कंठा कमी होते, पण अर्थाची दाटी वाढते. बहुतेक चित्रपट पुनर्दर्शनात झिजतात. हा मात्र स्वतःच पुनर्दर्शनाविषयीचा असल्याने त्याला आवृत्तीची बाधा होत नाही. त्यातच वर्षाच्या अखेरीस गतवर्षाचा हिशेब मांडण्याची मानवी सवय आणि जॉर्जचा हिशेब यांची गाठ पडते. आपण मेलेले अधिक किमतीचे आहोत, असे पॉटर त्याला विम्याच्या कागदाच्या आधारे सुनावतो. त्या जमाखर्चाला उत्तर देण्यासाठी चित्रपटाला आयुष्याचे पान पुन्हा उलटावे लागते. या वेळी प्रेक्षकही स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छा घेऊन बसलेला असतो आणि वाढत्या वयाबरोबर जॉर्जच्या चिडीचा, मुलांवर ओरडण्याचा, निराशेचा अर्थ त्याला अधिकाधिक जवळचा वाटतो.

या आवाहनाला मर्यादाही आहेत. जॉर्जविना मेरीची जी शोकांतिका दाखविली जाते ती म्हणजे तिचे अविवाहित ग्रंथपाल असणे. स्त्रीच्या स्वतंत्र जगण्याला दुर्दशा समजणारी ही दृष्टी आजच्या अभ्यासकाला खटकते आणि खटकावीच. तसेच त्यागाचा हा गौरव अन्यायाशी जुळवून घेण्याचा उपदेश ठरतो काय, हाही प्रश्न उरतो. पॉटरला मोकळा सोडून चित्रपटाने हा प्रश्न मिटविलेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगता येईल.

६. कथा, व्रत आणि क्षेत्र

भारतीय अभ्यासकाला या इतिहासात एक ओळखीचा आकृतिबंध दिसू शकतो. महाराष्ट्रात श्रावणातल्या कहाण्या दरवर्षी त्याच शब्दांत वाचल्या जातात. पुढे काय घडणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते आणि कहाणीतल्या पात्राला लाभलेले फळ शेवटी श्रोत्यांसाठीही मागितले जाते. कथेचे सामर्थ्य तिच्या नावीन्यात नसून नियतकालिक उच्चारणात असते. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ या हिंदी चित्रपटाने व्रतकथेलाच पडद्यावर आणले. चित्रपटगृहात पादत्राणे काढून बसणारे आणि पडद्यावर फुले व नाणी उधळणारे प्रेक्षक हा भारतीय चित्रपटाच्या इतिहासातला सुपरिचित अध्याय आहे. तेथे आचार आधीपासून होता आणि चित्रपटाने त्याचा प्रसार केला. कॅप्रांच्या चित्रपटाबाबत क्रम उलटा आहे : चित्रपट आधी आला, आचार त्याच्याभोवती नंतर जमला.

त्या आचाराला आता क्षेत्रही लाभले आहे. न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स हे गाव स्वतःला बेडफर्ड फॉल्सचे मूळ मानते. तेथे डिसेंबरात चित्रपटाचा उत्सव भरतो आणि २०१० पासून त्याचे संग्रहालयही आहे. वास्तविक बेडफर्ड फॉल्स उभारले गेले होते ते कॅलिफोर्नियात, आरकेओच्या मोकळ्या जागेवर. परंतु स्थलपुराणाला पुराव्यापेक्षा श्रद्धेचा आधार लागतो, हे तीर्थक्षेत्रांच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको.

स्वतः कॅप्रांचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आला तो जानेवारी १९५२ मध्ये, मुंबईला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने. अमेरिकन प्रतिनिधी म्हणून ते तेथे उपस्थित होते. त्यांच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) वर बेतलेला ‘चोरी चोरी’ १९५६ मध्ये पडद्यावर आला. प्रेमकथेचा सांगाडा एका भाषेतून दुसरीत सहज जातो. सणाशी एकरूप झालेली संहिता मात्र आपल्याबरोबर एक पंचांग आणि ते पाळणारे घर घेऊन येते. म्हणूनच तिच्या अभ्यासात कथावस्तूच्या देवघेवीइतकेच वाचनाच्या व दर्शनाच्या नियतकालिकतेला स्थान द्यावे लागते. ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’चे दोनशे वाचक, १९४७ चे उदासीन प्रेक्षक आणि १९७४ नंतरची घरोघरची कुटुंबे यांनी एकच कथा तीन वेगळ्या रीतींनी स्वीकारली. तिला अभिजात ठरविले ते तिसऱ्या स्वीकाराने, परंतु त्या स्वीकाराला पुरून उरेल एवढी पुनर्दर्शनाची ताकद पटकथेने १९४६ मध्येच तिच्यात भरून ठेवली होती.